लॉग सेवा ‘चालू’ दिसते, पण नोंद होत नाही: नवख्यांनी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

वेबसाइट बंद पडली की दहा फोन येतात आणि प्रिंटर अडला की माणूस टेबलापाशी येऊन उभा राहतो. सर्व्हरचा लॉग थांबला तर मात्र कोणालाच काही कळत नाही, कारण लॉग वाचायची वेळ दुसरे काहीतरी बिघडल्यावरच येते. नाशिकला अंबड-सातपूरच्या लहान कारखान्यांत आणि पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये एखाद-दुसरा लिनक्स सर्व्हर असतो आणि तो सांभाळणारा माणूस बहुधा एकच असतो, तोही बिलिंगपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळे बघणारा. अशा माणसाला समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. उदाहरणे उबुंटू आणि डेबियनची घेतली आहेत; रेड हॅटच्या घराण्यात जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे.

वाचण्यापूर्वी एक सूचना. कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करावीत, आणि मोकळी जागा, आडवी रेघ, तिरकी रेघ ही जशी दाखवली आहे तशीच ठेवावी. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे लिहिले आहे. बहुतेक कमांडच्या आधी ‘सुडो’ लागेल, म्हणजे ती रूटच्या, सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, नावे चालते; तो दर वेळी लिहिलेला नाही.

आधी नोंदीचा मार्ग समजून घ्या

एखादा प्रोग्राम ‘ही नोंद करा’ असे म्हणतो तेव्हा ती नोंद थेट फाइलीत पडत नाही. ती प्रथम ‘/डेव्ह/लॉग’ या सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामांनी नोंद सोपवायच्या खिडकीवर, जाते, तिथे सिस्टमडीचा (सगळ्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा) जर्नलडी ती उचलतो आणि स्वतःच्या जर्नलमध्ये ठेवतो, उबुंटूत तो तिची एक प्रत आरसिसलॉगकडे ढकलतो, तर रेड हॅटमध्ये आरसिसलॉग स्वतः जर्नल वाचून ती घेतो, आरसिसलॉग आपले नियम लावून ती ‘/व्हार/लॉग’मधल्या योग्य फाइलीत लिहितो, आणि ती फाइल फुगू नये म्हणून लॉगरोटेट ठरावीक मुदतीने तिचे नाव बदलून नवी फाइल सुरू करायला लावतो. नेटवर्कवरून येणाऱ्या नोंदी, म्हणजे राउटर, यूपीएस किंवा शीतगृहाचा कंट्रोलर यांनी पाठवलेल्या, सहसा जर्नलडीला टाळून थेट आरसिसलॉगकडे येतात. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

पाटाचे पाणी शेवटच्या वावरात आले नाही, तर शेतकरी वावरात उभा राहून विचार करत बसत नाही. तो चारीच्या काठाने वर चालत जातो आणि पाणी जिथपर्यंत दिसते ते ठिकाण गाठतो. लॉगचेही तसेच करायचे असते. नोंद कुठवर पोहोचते आणि कुठे दिसेनाशी होते, एवढे कळले की निम्म्याहून अधिक काम झालेले असते.

रीस्टार्ट करण्याची घाई करू नका

नवख्याचा हात सगळ्यात आधी ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट आरसिसलॉग’कडे जातो आणि अनेकदा तेवढ्याने लॉग सुरूही होतो. त्यातच गोम आहे. रीस्टार्टने पुरावा जातो, कारण कळत नाही, आणि काही प्रसंगी अजून वाचवता येण्याजोग्या नोंदीही कायमच्या जातात. सातपूरच्या एका युनिटमध्ये मी हीच चूक केली होती. तिथला चार दिवसांचा लॉग माझ्या एका एंटरने गेला. हे कसे होते ते पुढे दिले आहे. तूर्तास नियम इतकाच: आधी बघा, टिपून घ्या, मग हात लावा.

प्रथम ‘सिस्टमसीटीएल स्टेटस आरसिसलॉग’ द्या. हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह (रनिंग)’ दिसले, तर त्याचा अर्थ प्रक्रिया जिवंत आहे एवढाच होतो. ती काही लिहीत आहे असा होत नाही. त्या हिरव्या रंगाखाली शेवटच्या दहा-एक ओळी छापलेल्या असतात, त्या वाचा. मग ‘जर्नलसीटीएल -यू आरसिसलॉग -बी’ देऊन मशीन सुरू झाल्यापासून आरसिसलॉग स्वतःबद्दल काय सांगत आहे ते पाहा. ‘ओपन एरर’, ‘पर्मिशन डिनाइड’, ‘नो स्पेस लेफ्ट’ किंवा ‘ॲक्शन सस्पेंडेड’ अशा शब्दांची ओळ सापडली, तर अर्धे उत्तर हाती आले असे समजा. जे दिसेल त्याची प्रत दुसऱ्या मशिनवर ठेवा.

लॉग खरोखर थांबला आहे का?

हा प्रश्न विचारायला लाज वाटू नये, कारण तक्रारींपैकी बऱ्याच येथेच मिटतात. सर्व्हरची वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर सकाळी १० वाजता झालेली नोंद ०४:३० अशी दिसते, आणि साडेपाच तासांचा हा फरक लक्षात न आल्याने लॉग पहाटेच थांबला असे वाटते. ‘टाइमडेटसीटीएल’ दिल्यावर घड्याळ, टाइम झोन आणि वेळ जुळवलेली आहे की नाही हे तिन्ही दिसते. बायोसची बॅटरी संपलेल्या जुन्या मशिनवर लाइट जाऊन आल्यावर घड्याळ काही वर्षे मागे गेलेले मी पाहिले आहे. अशा वेळी नोंदी होत असतात, पण त्यांवरची तारीख भलतीच असते.

दुसरी गोष्ट डेबियनची. २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे ‘/व्हार/लॉग/सिसलॉग’ ही फाइल तिथे नसतेच. सगळे जर्नलमध्ये असते आणि ते ‘जर्नलसीटीएल’ने वाचायचे असते. रेड हॅटमध्ये त्याच फाइलीचे नाव ‘/व्हार/लॉग/मेसेजेस’ आहे. जुन्या पुस्तकातले नाव शोधत बसून तास घालवलेल्यांची संख्या थोडी नाही.

तिसरी गोष्ट: जर्नल रीबूटनंतर रिकामे दिसत असेल, तर ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी आहे का ते पाहा. जर्नलडीच्या सेटिंगमधल्या ‘स्टोरेज’ची किंमत ‘ऑटो’ असताना ही डिरेक्टरी नसेल, तर जर्नलडी नोंदी ‘/रन/लॉग/जर्नल’मध्ये, म्हणजे मेमरीत ठेवतो आणि मशीन बंद होताच त्या नाहीशा होतात. हा बिघाड नसून सेटिंग आहे. डिरेक्टरी तयार करून ‘जर्नलसीटीएल --फ्लश’ दिले की नोंदी डिस्कवर जाऊ लागतात.

चाचणीची एक ओळ सोडा

आता चारीच्या काठाने चालायला सुरुवात करायची. ‘लॉगर’ ही छोटी कमांड अवतरणचिन्हांत दिलेला मजकूर लॉगच्या मार्गाला लावते. मजकूर असा निवडा की तो दुसरीकडे कुठे येणार नाही. मी तारखेसह ‘पंचवटी’ लिहितो. ओळ सोडल्यावर ‘जर्नलसीटीएल -एन २०’ द्या, आणि मग फाइलीत तोच शब्द ‘ग्रेप’ने शोधा.

ओळ दोन्हीकडे आली, तर मार्ग ठीक आहे आणि दोष नोंद पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. जर्नलमध्ये आली पण फाइलीत नाही, तर दोष आरसिसलॉगच्या बाजूला आहे. बहुसंख्य प्रकरणे येथे येऊन थांबतात. दोन्हीकडे नसेल, तर ‘एलएस -एल /डेव्ह/लॉग’ द्या. ते ‘/रन/सिस्टमडी/जर्नल/डेव्ह-लॉग’कडे बोट दाखवणारे दुवा-चिन्ह (सिमलिंक) असले पाहिजे, एखाद्या हौशी स्क्रिप्टने ते उडवून तिथे साधी फाइल केली असेल, तर प्रोग्रामांना नोंद सोपवायला जागाच उरत नाही. नेटवर्कवरून येणाऱ्या नोंदींची चाचणी मात्र दुसऱ्या मशिनवरून करावी, कारण ‘/डेव्ह/लॉग’ची वाट सुरळीत असल्याने नेटवर्कची वाट सुरळीत आहे असे सिद्ध होत नाही.

डिस्क: सर्वात नेहमीचे कारण, आणि त्यातल्या खाचा

‘डीएफ -एच’ने जागा पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका; ‘डीएफ -आय’ही द्या. जागा शिल्लक असूनही आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे एक लागणारे खाते, संपलेले असतील, तर नवी फाइल तयार होत नाही, आणि मेलच्या रांगेत किंवा सेशनच्या फोल्डरमध्ये लाखो चिल्लर फाइली साठल्या की असे हमखास होते.

एक खाच अशी आहे की तिने अनुभवी माणसेही फसतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टम तयार होताना तिच्यातला ५ टक्के भाग रूटसाठी राखून ठेवते. उबुंटूत आरसिसलॉग रूट म्हणून चालत नाही, ‘सिसलॉग’ नावाच्या साध्या वापरकर्त्याच्या नावे चालतो. त्यामुळे डिस्क भरत आली की आरसिसलॉगला लिहिता येत नाही, पण तुम्ही रूट म्हणून त्याच डिरेक्टरीत फाइल बनवून पाहिली तर ती सहज बनते आणि ‘डिस्कचा प्रश्न नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून चाचणी नेहमी ज्याच्या नावे सेवा चालते त्याच्याच नावे करावी: ‘सुडो -यू सिसलॉग सीपी /बिन/एलएस /व्हार/लॉग/चाचणी’. काम झाल्यावर ती फाइल आठवणीने काढून टाकावी.

आता ती सातपूरची चूक, आणि पुढे दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये ती कशी टळली ते. फेब्रुवारी महिना होता, द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. प्रीकूलिंग खोल्यांचे तापमान तिथला कंट्रोलर दर मिनिटाला यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेणाऱ्या नेटवर्क पद्धतीने, सर्व्हरला पाठवत असे आणि आरसिसलॉग ते स्वतंत्र फाइलीत लिहीत असे. बुधवारी डिस्क भरत आली, थोडीच जागा उरली. तिथल्या मुलाने सर्वात मोठी फाइल शोधली आणि ‘आरएम’ने उडवली, ती नेमकी तापमानाची फाइल होती. शनिवारी दुपारी निर्यातदाराने तीन दिवसांची तापमानाची नोंद मागितली तेव्हा कळले की फाइलच नाही. सेवा हिरवी होती. गमतीचा भाग असा की फाइल उडवूनही डिस्कवरची जागा मोकळी झाली नव्हती, आणि खरा धागा तोच होता.

लिनक्समध्ये फाइलीचे नाव पुसले तरी ती ज्या प्रक्रियेने उघडलेली असते तिच्याकडे ती तशीच उघडी राहते आणि प्रक्रिया तिच्यात लिहीत राहते. फक्त त्या फाइलीला आता नाव नसते. आधी ‘पिडऑफ आरसिसलॉगडी’ने प्रक्रियेचा क्रमांक घेतला, मग ‘एलएस -एल /प्रॉक/क्रमांक/एफडी’ दिले. एका ओळीच्या शेवटी कंसात ‘डिलीटेड’ असे लिहिलेले होते आणि तिचा आकडा ९ होता. पेन ड्राइव्ह जोडून ‘सीपी /प्रॉक/क्रमांक/एफडी/९’ अशी सुरुवात करून पुढे पेन ड्राइव्हवरच्या फाइलीचे नाव दिले, आणि बुधवारपासूनची प्रत्येक ओळ हाती आली. प्रत त्याच भरत आलेल्या डिस्कवर घ्यायची नसते, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. प्रत उघडून शेवटची ओळ पाहिली, तिच्यावर त्याच मिनिटाची वेळ होती. मग ‘सिस्टमसीटीएल किल -एस एचयूपी आरसिसलॉग’ दिले, यातले एचयूपी हा इशारा (सिग्नल) मोठ्या अक्षरांत. त्याने आरसिसलॉग जुन्या फाइली सोडून देतो आणि त्यांच्या नावाने नव्या उघडतो.

त्याआधी कोणी, मी सातपूरला केले तसे, रीस्टार्ट केले असते तर प्रक्रिया संपताच ती निनावी फाइलही संपली असती. यूडीपीवरून आलेल्या नोंदी जर्नलमध्येही नव्हत्या. शिवाय लॉगरोटेट साप्ताहिक लावलेला होता आणि साप्ताहिक फेरी साधारणतः रविवारी होते. तो फाइली फिरवून झाल्यावर स्वतःच एचयूपी पाठवतो, म्हणजे एक रात्र उशीर झाला असता तरी परिणाम तोच होता.

चालू लॉग फाइलीची जागा मोकळी करायची असेल तर ‘आरएम’ कधीच वापरू नये. ‘ट्रंकेट -एस ०’ वापरावे, त्याने फाइल तीच राहते आणि आतला मजकूर जातो. ‘सेड -आय’नेही तोच घोटाळा होतो, कारण तो मूळ फाइल बदलत नाही, त्याच नावाची नवी फाइल तयार करतो आणि सेवा जुनीच धरून बसते. काही एडिटरही ‘सेव्ह’ करताना असेच करतात. लॉग वाचायला ‘लेस’ पुरेसा आहे.

परवानग्या आणि पहारेकरी

फाइल गेली म्हणून कोणी रूट म्हणून ‘टच’ने नवी बनवली असेल, तर तिचा मालक रूट होतो आणि उबुंटूतल्या आरसिसलॉगला तिच्यात लिहिता येत नाही. मालक ‘सिसलॉग’, गट ‘एडीएम’ आणि परवानगी ६४० अशी असावी. फाइलीबरोबर तिच्या वरच्या डिरेक्टरीचीही परवानगी पाहावी.

रेड हॅटमध्ये लॉग ‘/व्हार/लॉग’ऐवजी नव्या डिस्कवर हलवला की एसईलिनक्स हा सुरक्षेचा पहारेकरी आड येतो: परवानग्या अगदी बरोबर दिसतात आणि तरी लिहिता येत नाही. ‘ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट’ दिल्यावर नकाराची ओळ दिसते. नव्या जागेला ‘सीमॅनेज’ने योग्य लेबल देऊन ‘रीस्टोरकॉन’ चालवणे हा त्यावरचा उपाय आहे. एसईलिनक्सच बंद करून टाकणे हा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळेल. कडी लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला तो प्रकार आहे. उबुंटूत हेच काम ॲपआर्मर करतो आणि त्याचे नकार ‘डीमेसेज’मध्ये दिसतात.

नोंदींचा पूर आणि लाइट जाणे

एखादा प्रोग्राम वेड्यासारखा लिहू लागला की जर्नलडी स्वतःहून आवरते घेतो. मूळ सेटिंगमध्ये एका सेवेकडून ३० सेकंदांत १०,००० नोंदींपर्यंत मुभा असते. त्यापुढच्या नोंदी टाकून दिल्या जातात आणि ‘सप्रेस्ड’ असा शब्द व गाळलेल्या नोंदींचा आकडा असलेली एकच ओळ मागे राहते. रेड हॅटमधल्या आरसिसलॉगच्या आयएमजर्नल या जर्नल वाचणाऱ्या भागाची स्वतंत्र मर्यादा आहे: ६०० सेकंदांत २०,००० नोंदी. ही मर्यादा वाढवण्यापूर्वी कोण एवढे बडबडतो आहे ते शोधावे.

आयएमजर्नलची दुसरी खोड पावसाळ्यात दिसते. जर्नल कुठवर वाचून झाले याची खूण तो ‘/व्हार/लिब/आरसिसलॉग’मधल्या ‘आयएमजर्नल.स्टेट’ या फाइलीत ठेवतो. लाइट गेली, यूपीएसने दगा दिला आणि ती फाइल अर्धवट लिहिली गेली, तर सेवा सुरू होते पण पुढे सरकत नाही. सेवा थांबवून ती फाइल दुसरीकडे हलवावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी. जर्नलमधल्या जुन्या नोंदी फाइलीत दुसऱ्यांदा येतील, त्याची तयारी ठेवावी. जर्नल स्वतःच खराब झाल्याची शंका असेल तर ‘जर्नलसीटीएल --व्हेरिफाय’ सांगेल.

दूरचा सर्व्हर गेला आणि जवळचा लॉग थांबला

नोंदी मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरलाही टीसीपीने, म्हणजे पोच घेऊनच पुढे जाणाऱ्या पद्धतीने, पाठवल्या जात असतील आणि तो सर्व्हर बंद पडला, तर अनेकदा स्थानिक फाइलही थांबते. याचे कारण असे की पाठवण्याच्या कामाला स्वतःची रांग दिलेली नसेल तर ते मुख्य रांगेतच अडते, आणि त्याच्यामागच्या सगळ्या नोंदी, फाइलीत जाणाऱ्याही, तुंबतात. पाठवण्याच्या नियमाला ‘लिंक्डलिस्ट’ प्रकारची स्वतंत्र रांग आणि तिला फाइलीचे नाव द्यावे, म्हणजे मेमरी पुरेनाशी झाली की नोंदी डिस्कवर थांबतील, ‘ॲक्शन.रिझ्यूमरीट्रायकाउंट’ची किंमत उणे १ ठेवावी, म्हणजे तो प्रयत्न सोडणार नाही. यूडीपीत हे अडणे होत नाही, पण तिथे नोंद पोहोचली की नाही याची पोचच मिळत नाही. पोर्ट दोन्हीकडे सहसा ५१४ असतो. फायरवॉलचा नियम बदलला की यूडीपीच्या नोंदी चकार शब्द न काढता नाहीशा होतात.

नियमांच्या फाइलींबद्दल थोडक्यात: ‘/ईटीसी/आरसिसलॉग.डी’मधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे १० आकड्याने सुरू होणाऱ्या फाइलीत कोणी ‘स्टॉप’ लिहून ठेवले असेल तर त्या नियमात बसणाऱ्या नोंदी ५० आकड्याच्या मूळ फाइलीपर्यंत येतच नाहीत. बदल केल्यावर ‘आरसिसलॉगडी -एन१’ने लिखाण तपासावे, यातला एन मोठा आहे.

पुन्हा असे झाले तर कळावे म्हणून

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे आणि भारतातच जपून ठेवायचे आहेत. घड्याळेही एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. उबुंटूत लॉगरोटेट सिसलॉगच्या मोजून चार साप्ताहिक प्रती ठेवतो, त्यामुळे हा आकडा हाताने वाढवावा लागतो, आणि तो वाढवला की डिस्कचा हिशेबही पुन्हा मांडावा लागतो.

लॉग जिवंत आहे हे कळण्याची सोपी रीत म्हणजे त्याची नाडी. आरसिसलॉगमध्ये आयएममार्क नावाचा भाग असून तो मूळ सेटिंगप्रमाणे दर १,२०० सेकंदांनी ‘मार्क’ अशी ओळ लिहितो. मी त्याऐवजी क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून, दर दहा मिनिटांनी ‘लॉगर’ची एक ओळ सोडतो, कारण ती ‘/डेव्ह/लॉग’पासून फाइलीपर्यंतचा सगळा मार्ग चालून येते, आणि दुसरी एक छोटी स्क्रिप्ट पाहते की ती ओळ फाइलीत अर्ध्या तासाच्या आत उमटली आहे का. उमटली नसेल तर एसएमएस जातो. ही सूचना लॉगच्याच मार्गाने पाठवायची नाही, एवढे भान ठेवावे.

पॅकहाऊसमध्ये आम्ही ही व्यवस्था दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुद्दाम सेवा थांबवून तपासतो. नुसता आरसिसलॉग थांबवला तर उबुंटूत ‘सिसलॉग.सॉकेट’ त्याला पहिल्या नोंदीबरोबर पुन्हा उठवतो, म्हणून दोन्ही एकदम थांबवावे लागतात. एप्रिलमध्ये सेवा थांबवून पाऊण तास झाला तरी एसएमएस आला नाही. स्क्रिप्ट बरोबर होती, क्रॉन चालू होता. मोडेममधल्या सिमचे रिचार्ज संपले होते.